कोऱ्या प्रतीचा अहवाल

आवाज पुन्हा आला तेव्हा आई स्वयंपाकघरात ताटं पुसत होती. अभ्यासिकेच्या बंद दारामागून आला. खोकल्यासारखा, पण खोकला नव्हे. जड कपाट कुणीतरी फरशीवरून दोन बोटं सरकवावं, तसा. गेले अकरा दिवस दिवसातून चार-पाच वेळा तो येत होता. पहिल्या दिवशी तिनं गरम पाणी नेऊन दिलं, तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन केला आणि पाचव्या दिवशी लाजलज्जा सोडून दाराला कान लावला. त्रेचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचे सगळे आवाज तिला पाठ झाले होते. हा त्यांतला नव्हता.

"सर, बरं वाटत नाहीये का?" तिनं बाहेरूनच विचारलं.

"वाचतोय," आतून उत्तर आलं.

नवऱ्याला ती अजून 'सर'च म्हणे. लग्नाआधी ती त्यांच्याच विभागात टंकलेखिका होती. सवय मोडायला सवड मिळाली नाही, असं ती सांगायची. खरं म्हणजे तिला ती मोडायची नव्हती. टंकलेखनाच्या मशीनवर तिनं लोकांचे एकशे चाळीस प्रबंध टंकले होते. त्यामुळे घरात पदवी नसलेली ती एकटीच असली, तरी कुठल्या विषयावर कुणी काय काय खरडून ठेवलंय हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

आत सर वाचत होते ती धाकटीची कादंबरी. विद्यापीठावरची, विनोदी. धाकटी म्हणजे मुलगी. बापाच्याच विभागात शिकवायची आणि पाच वर्षं गुपचूप लिहीत होती. त्यात एकाच खोलीत बसणारे दोन प्राध्यापक होते. सतरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते आणि मधल्या कपाटापलीकडे पत्रं पाठवायची तर टपाल विभागामार्फत पाठवत. कपाट ओलांडायला पत्राला चार दिवस लागत. हरवलेला अहवाल शोधायला नेमलेल्या समितीचा अहवाल हरवतो, असंही एक प्रकरण होतं. पुस्तक छापखान्यात जायला तयार होतं. पण प्रकाशक सज्जन होता, म्हणजे घाबरट होता. तुमचे वडील त्या विभागाचे एकोणीस वर्षं प्रमुख होते, लोक ओळखणारच, तेव्हा त्यांची हरकत नसल्याचं पत्र आणा, असं त्यानं सांगितलं. मुदत सोमवारी सकाळी दहाची. आज रविवार होता आणि सर सत्तेचाळिसाव्या पानावर होते. पानं होती दोनशे एकोणसाठ.

विद्यापीठात सरांना 'कासव' म्हणत. तोंडावर नव्हे, पण इतक्या मोठ्यानं की त्यांना ऐकू जावं. त्यांच्याकडे तपासायला गेलेला प्रबंध आठ-आठ महिने परत येत नसे. तोवर विद्यार्थ्यांची लग्नं व्हायची. एकाला तर पदवी मिळाली तेव्हा त्याची मुलगी टाळ्या वाजवायला हजर होती.

दारावरची घंटा वाजली. थोरला आणि सून आले होते. थोरल्याच्या हातात प्लास्टिकचं फोल्डर होतं.

"झाली सही?" चप्पल काढता काढताच त्यानं विचारलं.

"सत्तेचाळीस," आई म्हणाली.

"काल पण सत्तेचाळीसच होते ना?"

"परवाही तेच."

थोरल्यानं 'अरेरे' म्हटलं. ते त्याच्या तोंडून फारच ताजंतवानं निघालं, आणि सुनेनं त्याच्याकडे वळून पाहिलं.

*

थोरला विद्यापीठात उपकुलसचिव होता. पुढच्या महिन्यात कुलसचिवपदाची मुलाखत होती. अशा वेळी सख्ख्या बहिणीनं विद्यापीठाची टिंगल छापावी म्हणजे काय, हे त्याला झोप येईना इतकं सलत होतं. शिवाय कादंबरीत एक उपकुलसचिव होता. तो आपल्या जेवणाच्या डब्यावर आवक-शिक्का मारायचा.

"एकदाच मारला होता मी," तो सुनेला आठव्यांदा म्हणाला. "तोही डबा हरवू नये म्हणून."

"मग हरवला?"

"तो प्रश्न नाहीये."

सुनेनं फोल्डर उघडलं. ती विद्यापीठाच्या ग्रंथालयात होती. कागद हाती आला की वाचल्याशिवाय तिला राहवत नसे. पत्राच्या तीन प्रती होत्या. 'मी, खाली सही करणार, सदर पुस्तक संपूर्ण वाचले असून त्याच्या प्रकाशनास माझी कोणतीही हरकत नाही.' तिनं ते दोनदा वाचलं आणि दिवाणखान्याचं दार लोटून घेतलं.

"'संपूर्ण वाचले असून' हे कुणी सांगितलं होतं? प्रकाशकाला फक्त हरकत नाही एवढंच हवंय."

"पत्राला एक पद्धत असते."

"पद्धत! बाबा न वाचता सही करत नाहीत, हे घरच्या मांजरालासुद्धा ठाऊक आहे. हे शब्द तू मुद्दाम घातलेस. म्हणजे नाही म्हणायला नको, वाईटपणा नको, आणि पुस्तक आपोआप मरेल."

थोरला खिडकीबाहेर पाहू लागला. खालच्या रस्त्यावर एक माणूस सायकलच्या चाकात हवा भरत होता आणि थोरल्यानं ते सगळं काम शेवटपर्यंत पाहिलं.

"ती माझी नणंद आहे," सून म्हणाली, "पण पुस्तक चांगलं आहे. मी दोन दिवसांत वाचलं. हसून हसून पोट दुखलं माझं."

"शिक्क्याच्या ठिकाणी?"

"तिथं जास्तच."

*

धाकटी मागच्या गॅलरीत उभी होती. तिथून अभ्यासिकेची खिडकी दिसायची, पण पडदा ओढलेला होता. तिला नखं खायची सवय नव्हती. आजपासून लागेल असं वाटत होतं.

प्रकाशकानं स्पष्ट सांगितलं होतं: उद्या पत्र नाही आलं तर छापखान्यातली जागा दुसऱ्या पुस्तकाला देणार. मग पुढच्या वर्षी बघू. आणि 'पुढच्या वर्षी बघू' म्हणजे काय, हे विद्यापीठात अकरा वर्षं काढलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

"आई, ते वाचत का नाहीयेत पुढे?" आई आली तशी तिनं विचारलं. "सहा दिवसांत पहिली सत्तेचाळीस झाली. मग पाच दिवस तिथंच. आवडलं नसेल तर तसं सांगावं ना."

"आवाज येतोय मात्र."

"कसला?"

"तेच तर कळत नाहीये मला."

धाकटी पडद्याकडे वळली. मग धाकटीनं मनातलं बोलून टाकलं. "ते स्वतःला शोधतायत असं वाटतं मला. सगळे आहेत त्यात. दादा आहे, मी आहे, तूसुद्धा आहेस. फक्त ते नाहीत."

आईनं पदराला हात पुसले. हात कोरडेच होते. सर त्यात का नव्हते, हे दोघींना ठाऊक होतं. होते, काढले होते. चौथं प्रकरण त्यांच्यावरच होतं. त्यातली हकीगत आईनंच कधीतरी हसता हसता सांगितली होती, आणि लिहून झाल्यावर आईनंच ती नऊ पानं काढायला लावली होती. त्यांची एकुलती एक प्रत टंकलेखन यंत्राच्या खोळीत होती.

तेवढ्यात अभ्यासिकेचं दार उघडलं. सर बाहेर आले. उंच, किंचित वाकलेले, चष्मा कपाळावर. घरातले चौघेही आपापल्या जागी शाळेतल्यासारखे उभे राहिले.

"चौथं प्रकरण कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

धाकटीनं आईकडे पाहिलं.

"तिसरं सत्तेचाळिसाव्या पानावर संपतं. अठ्ठेचाळिसाव्यावर पाचवं सुरू होतं. अनुक्रमणिकेतही तसंच आहे. तीन, मग पाच. मी पाच दिवस आधीचंच पुन्हा पुन्हा वाचत वाट बघतोय की कुणीतरी चौथं आणून देईल."

धाकटीनं कपाळावर हात मारला. तिनं तीनदा तपासलं होतं, प्रकाशकाच्या माणसानं दोनदा, सुनेनं एकदा. प्रकरण काढलं, पण पुढचे आकडे बदलायचे राहिले होते आणि ते एकाही शहाण्याला दिसलं नव्हतं.

"ते काढलंय, बाबा. आकडा चुकला. तुम्ही पाचवं वाचा."

"चौथ्याशिवाय पाचवं कसं वाचणार?"

"काही बिघडत नाही. कथा चालू राहते."

"ते मी वाचल्यावर ठरवेन," सर म्हणाले आणि दारातच उभे राहिले. त्यांचं असं उभं राहणं घरात सगळ्यांना माहीत होतं. तसे ते एकदा परीक्षा विभागाच्या दारात पावणेतीन तास उभे राहिले होते.

थोरल्याला खरं तर बरं वाटायला हवं होतं. पण 'काढलंय' म्हटल्यावर त्याचेही कान टवकारले. "काय होतं त्यात?" त्यानं विचारलं. "माझ्याबद्दल अजून काही?"

"तुझ्याबद्दल नाही," आई म्हणाली. ती आत गेली, यंत्राची खोळ उघडली आणि नऊ पानं आणून सरांच्या हातात दिली. धाकटीनं 'आई!' म्हणून तिचा हात धरायला पाहिलं, पण उशीर झाला होता.

"जेवण वाढू का आधी?" आईनं विचारलं.

"नंतर," सर म्हणाले आणि दार लागलं.

*

नऊ पानांना एक तास वीस मिनिटं लागली. जेवण निवलं, ते गरम केलं, पुन्हा निवलं. या सबंध वेळात आतून तो आवाज एकदाही आला नाही आणि आईला त्याचीच भीती वाटली.

थोरल्यानं आणि सुनेनं धाकटीला मध्ये बसवून हकीगत काढून घेतली. एकतीस वर्षांपूर्वीची. सर नुकतेच प्रमुख झाले होते आणि एकदम अकरा समित्यांवर होते. एका विद्यार्थिनीचा प्रबंध तपासायला आला. बांधणीवाल्यानं आधी जाडी आणि वरची सोनेरी अक्षरं बघायला कोऱ्या कागदांची एक नमुना प्रत बांधली होती. चुकून तीच पाकिटात गेली आणि खरी दुकानात राहिली. सरांनी सोबतच्या सारांशावरून अहवाल लिहिला आणि आईनं तो टंकला.

"काय होतं अहवालात?" सुनेनं विचारलं.

"'प्रबंधात कोठेही अनावश्यक विस्तार नाही,'" धाकटी म्हणाली. "'मांडणी अत्यंत स्वच्छ. वाचकाला स्वतः विचार करण्यास पुष्कळ वाव.'"

थोरला हसला. मोठ्यानं, अगदी डोळ्यांत पाणी येईस्तोवर, आणि मग एकदम गप्प झाला. त्याला आपला बाप सही करण्याआधी कागद उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघतो ते आठवलं.

"आणि बाबांना कधी कळलंच नाही?"

"नाही," आई म्हणाली. "मला मात्र पुढे कपाट पुसताना कळलं. ती प्रत त्यांनी परत केलीच नाही. मी आपली उलटी करून ठेवायची, पाठ भिंतीकडे, म्हणजे चुकून त्यांच्या हाती लागायला नको."

दार उघडलं. "सगळे आत या," सर म्हणाले.

अभ्यासिकेत बसायला दोनच खुर्च्या होत्या. आई आणि सून बसल्या, भावंडं कपाटाला टेकून उभी राहिली. टेबलावर नऊ पानं होती. त्यांच्यावर लाल पेन्सिलीच्या खुणा होत्या, आणि शेजारी ती प्रत. काळा कापडी पुठ्ठा, सोनेरी अक्षरं अर्धी उडालेली.

"तथ्यांच्या दोन चुका आहेत," सर म्हणाले. ते घसा साफ करून परीक्षकाच्याच आवाजात बोलायला लागले होते, पण तो टिकला नाही. "पहिली, समित्या अकरा नव्हत्या. नऊ होत्या. अकरा मी लोकांना सांगायचो. दुसरी, तू शेवटी लिहिलंयस की त्याला कधीच कळलं नाही. कळलं. पदवीनंतर ती मुलगी मला भेटायला आली. इथंच, या खोलीत. म्हणाली, सर, तुम्हाला कुठलं प्रकरण आवडलं? मी म्हटलं, सगळीच. तर म्हणाली, तुम्ही समासात काही खुणा केल्या असतील तर बघू का? आणि मी काही बोलायच्या आत तिनं हात लांब करून ती प्रत काढली आणि उघडली."

सरांनी काळ्या पुठ्ठ्यावर बोट ठेवलं.

"मीसुद्धा तेव्हाच पाहिली. तिनं पाच-सहा पानं उलटली. मग मिटली, होती तिथं नीट ठेवली आणि 'येते, सर' म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं."

"मग?" धाकटीनं विचारलं.

"मग खरी प्रत आणवली. वाचली. चार महिने लागले. चांगलं काम होतं. तिला अकरा पानांचं पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही, यायचं काही कारणही नव्हतं. तिची पाच वर्षं होती आणि मी तिला एक दुपार दिली." त्यांनी चष्मा काढला. "तेव्हापासून न वाचता सही नाही. लोक कासव म्हणतात. म्हणोत."

आई खालच्या आवाजात म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला ठाऊक नाही. म्हणून मी ती उलटी ठेवायची."

"आणि मी सुलटी करायचो. एकतीस वर्षं. मला वाटायचं, पुसताना तुझ्याकडून चुकून उलटी लागते..." ते थांबले. "जाऊ दे. आपण दोघंही कारकून."

सुनेचा हात मात्र कधीचा त्या काळ्या पुठ्ठ्याकडे सरकत होता. "बाबा, बघू?"

तिनं प्रत उघडली. ती कोरी नव्हती. पहिल्या पानावर सरांच्या बारीक अक्षरात क्रमांक एक, त्या विद्यार्थिनीचं नाव, आणि पुढे: 'आवडलेले पान – दोनशे चार.' खाली चार ओळींत का, ते. दुसऱ्या पानावर क्रमांक दोन. तिसऱ्यावर तीन. नाव, पान, कारण.

"पुन्हा कुणी विचारलं तर सांगता यावं म्हणून," सर म्हणाले. "कुणी विचारलं नाही. पण एकशे अठरा झाले."

प्रत एका हातातून दुसऱ्या हातात फिरली. थोरल्याकडे आली तेव्हा त्यानं ती नुसती चाळायला घेतली आणि चौसष्टाव्या पानावर त्याचा अंगठा अडला. तिथं त्याचंच नाव होतं. त्याचा प्रबंध परीक्षक म्हणून सरांकडे आलाच नव्हता. नियमात बसत नव्हतं. आलेला नसताना त्यांनी तो वाचला होता. 'आवडलेले पान – अठ्ठ्याऐंशी.' खालच्या चार ओळी थोरल्यानं कुणाला वाचून दाखवल्या नाहीत. बराच वेळ त्यानं ती प्रत छातीशी धरून ठेवली, आणि मग आपलं फोल्डर उघडून पत्राच्या तिन्ही प्रतींवरचे 'सदर पुस्तक संपूर्ण वाचले असून' हे शब्द एका सरळ रेघेनं खोडले. पट्टी लावून.

"खाडाखोड झालेलं पत्र चालतं तुमच्याकडे?" सुनेनं विचारलं.

"शेजारी सही केली की चालतं," तो म्हणाला.

"नाही," सर म्हणाले, "नवं करू. अगं, मशीन काढ."

मशीन निघालं. आईनं कागद चढवला, बोटं मोडली, आणि सर खिडकीपाशी उभं राहून सांगू लागले. "'सदर पुस्तकाची मी सत्तेचाळीस पाने वाचली आहेत. उरलेली वाचणार आहे. त्यासाठी छपाई थांबवण्याचे कारण नाही. परवानगी प्रबंधाला लागते. गोष्टीला परीक्षकाची परवानगी लागत नाही.' नवा परिच्छेद. 'वगळलेले चौथे प्रकरण दोन चुका सुधारून परत घ्यावे, एवढी विनंती आहे. मजकूर माझ्याविषयी असून खरा आहे.'"

धाकटी रडत होती आणि ते लपवायचा प्रयत्नही करत नव्हती.

"संपलं?" आईनं विचारलं.

"अजून एक वाक्य. 'मला एकतिसावे पान सर्वांत आवडले.'"

आईची बोटं थांबली. एकतिसाव्या पानावर विभागाचा शिपाई होता. तो तासाची घंटा घड्याळ बघून वाजवत नसे. आपला चहा संपला की वाजवायचा, आणि सगळं विद्यापीठ त्यावर घड्याळं लावायचं. कुलगुरूंचं भाषण त्याला रटाळ वाटलं तर चहा लवकर संपे.

"ते आजोबा आहेत ना?" धाकटी म्हणाली.

"तू त्यांना पाहिलंसुद्धा नाहीस. मी तर तुला कधी काही सांगितलं नाही. शिपायाचा मुलगा प्रमुख झाला एवढंच लोक सांगतात, तेवढंच मीही सांगायचो. त्यांच्या चहाचं तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. प्रबंध वाचताना तुम्ही स्वतःशी बोलता, बाबा. मी लहानपणी या टेबलाखाली बसून ऐकायची. कुणी लांबण लावली की म्हणायचात, अण्णा असते तर एव्हाना घंटा झाली असती."

सरांनी तिच्याकडे पाहिलं आणि तो आवाज आला. खोलीतच, सगळ्यांच्या समोर. खांदे हलले, कपाट सरकल्यासारखं काहीतरी छातीतून वर आलं, आणि त्यांचं तोंड आधी वाकडं आणि मग सरळ हसरं झालं.

"अगं बाई," आई म्हणाली, "हसणं होय ते!"

तिनं ते वाक्य टंकलं. सरांनी पत्र उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिलं, अथपासून इतिपर्यंत वाचलं आणि सही केली. मग काळी प्रत जवळ ओढून क्रमांक एकशे एकोणीस घातला.

जेवण तिसऱ्यांदा गरम झालं. निघताना थोरला जिन्यात थबकला. खाली तो सायकलवाला केव्हाच गेला होता.

"ग्रंथालय उद्या किती वाजता उघडतं?" त्यानं विचारलं.

"नऊला," सून म्हणाली. "रोज मीच उघडते. का रे?"

"अठ्ठ्याऐंशीव्या पानावर मी काय लिहिलं होतं, ते मला आठवत नाहीये."

सुनेनं पर्समधला किल्ल्यांचा जुडगा चाचपून पाहिला. "आठला ये," ती म्हणाली.